एकाने दांडा धरायचा, एकाने दोरी ओढायची

गवत कापायचं मशीन घरी आलं त्या सकाळी मी धाकटीला छातीठोकपणे सांगितलं होतं, "तू फक्त चहाचं आधण ठेव. ते उकळायच्या आत मागचं गवत साफ! आणि दोघे भाऊ एका बाकावर बसून तो चहा पितात की नाही बघ!"

धाकटी म्हणजे माझी जाऊ. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि आधण काही ठेवलं नाही. ती मला पुरती ओळखून होती.

आमचं घर जोडघर. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला भावजी आणि धाकटी, आणि मागे दोघांचं मिळून एकच अंगण. मी लग्न होऊन आले तेव्हा हे दोघे भाऊ सुटीच्या सकाळी विळे घेऊन शेजारी शेजारी उकिडवे बसायचे आणि गवत कापत पुढे सरकायचे. कापणं कमी, गप्पाच जास्त. त्या गप्पा स्वयंपाकघरात नीट ऐकू यायच्या नाहीत, पण ते हसले की मीही उगीचच हसायची.

मग मधे एक शिडी आली. भावजींनी ती आमच्याकडून नेली, आणि परत आली तेव्हा तिची एक पायरी मोडलेली होती. "आधीचीच मोडकी होती," भावजी म्हणाले. "नव्हती," हे म्हणाले. संपलं! तेवढ्यावर तीन वर्षं अबोला. एक मागच्या दारी आला की दुसरा आत जायचा. मग गवताला हात कोण लावणार? ते आपलं गुडघ्यापर्यंत वाढत गेलं.

आणि आता भावजी आपली बाजू विकून लेकीच्या गावी राहायला निघाले होते. घर बघायला रविवारी माणसं येणार होती. सामानाची बांधाबांध सुरू झाली होती. जायच्या आधी दोघांनी एकमेकांशी एक शब्द तरी बोलावा, एवढंच आम्हा दोघी जावांना हवं होतं. तसेच मुक्याने गेले असते, तर पुढे कोण कुणाकडे आलं असतं? आमच्या वयात 'बघू पुढच्या वेळी' म्हणायची सोय उरत नाही.

म्हणून मी शाळेच्या माळीबुवांचं जुनं मशीन विकत घेतलं. ते सुरू झालं की आवाजाने दोघेही बाहेर येतील, असा माझा बेत. माळीबुवांनी ते माझ्यासमोर चालवून दाखवलं होतं. उंच माणूस, हात ताडासारखे लांब. एका झटक्यात दोरी ओढली आणि मशीन गरजायला लागलं!

घरी मी दोरी ओढली. मशीनने सुस्कारा टाकला. पुन्हा ओढली. पुन्हा सुस्कारा. नवीन सून सासरी तोंड मिटून बसते, तसं ते अंगणात मिटून बसलं होतं.

सुस्काऱ्यांनी आमचे हे बाहेर आले. ह्यांचा सगळा जन्म दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेलेला. त्यांनी मशीनच्या पोटाला कान लावला.

"छाती भरलीय," ते गंभीरपणे म्हणाले. "फिल्टर काढून धुवावा लागेल."

तेवढ्यात पलीकडच्या दारात भावजी उभे. रविवारी माणसं येणार, गवत तर कापायला हवंच होतं, त्यामुळे या खेपेला ते आत गेले नाहीत. भावजींनी आयुष्यभर शिवणयंत्रं विकली.

"वहिनी," ते आकाशाकडे बघत म्हणाले, "दादाला सांगा, तेल घाल म्हणावं. जगातलं कुठलंही मशीन तेलासाठीच अडतं. इथे डॉक्टरकी नको."

मी ह्यांच्याकडे वळले. "भावजी म्हणतात, तुमचं बरोबर आहे, पण थोडं तेलही घालून बघावं."

"मी असं म्हणालोच नाही!" भावजी ओरडले.

"अगं, त्याला सांग, मला ऐकू येतं!" हे ओरडले.

"मग तुम्हीच सांगा ना!" मी म्हटलं.

हे फिल्टर उघडायला बसले, भावजी तेलाची बाटली आणायला गेले.

दुपार होईपर्यंत फिल्टर धुऊन वाळत पडला होता, प्लग घासून चमच्यासारखा लखलखत होता, आणि तेल इतकं घातलं होतं की खालचं गवतही चकाकायला लागलं होतं. पुन्हा सगळं जोडलं तेव्हा एक स्प्रिंग उरली.

"वहिनी, विचारा, ही कुठली?"

"त्याला सांग, ही आधीपासूनच जास्तीची होती."

शिडीची आठवण सगळ्यांनाच झाली असणार. धाकटीने ती स्प्रिंग मुकाट्याने पदरात बांधली.

हे पुन्हा दोरी ओढत बसले. धाकटी दमून मशीनच्या मुठीवर टेकली. आणि काय सांगू, मशीन खोकलं!

"धाकटे, पुन्हा कर!" मी ओरडले.

"काय पुन्हा करू? मी काहीच करत नव्हते, जाऊबाई. नुसती टेकले होते!"

तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं. मुठीलगत एक लोखंडी दांडा होता. तो दाबून धरला तरच इंजिन चालायचं, सोडला की बंद. मूठ एका टोकाला, दोरी दुसऱ्या टोकाला. माळीबुवांच्या हातांना दोन्ही पुरत होतं. आमच्यासारख्यांना दोन माणसं हवीत. एकाने दांडा धरायचा, एकाने दोरी ओढायची. देवाने माझ्यासाठीच हे मशीन घडवलं, असं मला वाटलं!

दांडा कडक होता. आम्हा दोघींना काही तो नुसत्या हातांनी फार वेळ धरवेना. शेवटी भावजी आले, मशीनच्या पलीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी दांडा दाबला.

"वहिनी, त्याला सांगा, मी तीन म्हटलं की ओढ."

"भावजी तीन म्हणाले की ओढा," मी म्हटलं.

"तू तीन म्हण. मी तुझं ऐकेन," हे म्हणाले.

मग भावजी तीन म्हणायचे, मागून मी तीन म्हणायची, मग हे दोरी ओढायचे. तोवर भावजींची पकड ढिली झालेली असायची. असं कितीदा झालं! शेवटी हे तावातावाने उठले, कपडे वाळत घालायच्या दोरीचा तुकडा आणला आणि दांडा मुठीशी करकचून बांधायला लागले.

"आता कुणाची गरजच नाही," ते मला म्हणाले.

"वहिनी, सांगा, सुरगाठ मार म्हणावं. ओढली की सुटली पाहिजे."

मी तस्संच सांगितलं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. ह्यांनी मुद्दाम गाठीवर गाठ मारली आणि मशीनच्या दोरीला हिसका दिला.

मशीन गरजलं! एवढ्या तेलाचा निळा धूर उठला. चाकंही त्याच इंजिनावर फिरणारी, त्यामुळे ते जागचं निघालं. हे हिसक्यासरशी गवतात मागे बसले होते, पाय पुढे पसरून. मशीनचं एक चाक दगडावर चढलं, त्याने तोंड वळवलं आणि ते सरळ ह्यांच्या पायांकडे आलं.

"दादा, पाय! पाय घे!"

भावजी धावले. त्यांनी ह्यांना काखेत धरून मागे खेचलं आणि दोघेही उताणे पडले. ह्यांची चप्पल जिथे होती तिथून मशीन गेलं. तसंच पुढे वाळत घातलेल्या कपड्यांत शिरलं. बांधाबांधीसाठी धुतलेलं भावजींचं जाड ब्लँकेट त्याच्यावर कोसळलं, पात्यात गुंडाळलं गेलं, आणि मशीन गुदमरून बंद पडलं.

अंगणात इतकं शांत झालं की भावजींचा श्वास मला ऐकू येत होता. त्यांनी ह्यांच्या घोट्यावरून हात फिरवला.

"लागलं का रे?"

"नाही."

"बघू."

"नाही म्हटलं ना."

दोघे तसेच बसून राहिले. धाकटी पदराने डोळे पुसत होती. मीही पुसले.

"सुरगाठ मार म्हणून सांगितलं होतं तुला," भावजी म्हणाले.

"मला कुठे सांगितलंस? हिला सांगितलंस!"

"तुला ऐकू येत होतं ना!"

"आणि तेल ओतून तू माझं इंजिन बुडवलंस ते?"

"तेलामुळेच सुरू झालं ते!"

"फिल्टर धुतला म्हणून झालं!"

अंधार पडेपर्यंत हेच चाललं. चहा झाला, जेवणं झाली, तरी चाललं.

रविवारी माणसं आली. अर्धवट गवत, त्यात मधेच वाकडा कापलेला पट्टा, ते सगळं त्यांनी पाहिलं आणि तरीही घर घेतलं. भावजी गेले. जायला नको होतं, पण गेले. दोघांनी एकमेकांचे हात बराच वेळ धरून ठेवले होते, एवढं मी पाहिलं.

आता दर रविवारी तिकडून फोन येतो. फिल्टर की तेल, यावर दोघे तासभर भांडतात. तिकडे धाकटी ताटकळत उभी, इकडे मी. हात लांब करून मी म्हणते, "अहो, मला एकदा धाकटीशी बोलू द्या ना!"

हे फोनवर हात ठेवतात आणि म्हणतात, "काय सांगायचंय ते मला सांग. मी त्याला सांगतो, तो तिला सांगेल."