मौन न पाळणारे ठोंबरे

शोकसभेच्या मौनात बोलणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला: बाळाराम ठोंबरे. यंदाच ते पोशीरचे घर सोडून खोपोलीत, माझ्या भिंतीपलीकडे, पत्नीसह राहायला आले. चाळीतले एक सज्जन वारले, सारे माना खाली घालून उभे होते आणि या गृहस्थांनी शेजाऱ्याला खणखणीत आवाजात विचारले, "का रं, कशेळ्याची जीप गेली का?"

मी तिथल्या तिथे जाब विचारला. म्हणाले, "गप ऱ्हायलं का गोठतं, वकीलसाहेब." मी वकील नाही. मी केवळ कायदा वाचतो आणि तो न वाचणाऱ्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहितो.

ठोंबरे पूर्वी इथल्याच एका कारखान्यात, कोळशापासून गॅस काढणाऱ्या भट्टीवर होते. कोळशातली राख आत वितळून काकवीसारखी होई आणि तळाच्या भोकातून वाहून जाई. या रसाला ते स्लॅग म्हणत. ताव जरा उतरला की पाकात खडीसाखर धरावी तसे त्यात खडे धरत, रस एकाएकी घट्ट होई, भोक बुजे आणि भट्टी बंद पडे. "येकदा खडं धरलं का पहार बी आत जात नाय. वाहतं ठेवायचं!" हा नियम त्यांनी निवृत्तीनंतर समस्त मनुष्यजातीला लावला. समोर माणूस नसेल, तर ते कोरड्या नळाशी भांडत.

त्यांच्या पत्नीस मी पाहिले नव्हते. चाळीशी माझा व्यवहार बहुतांशी लेखी आहे. मात्र भिंतीतून अखंड ऐकू येई: "काय गं, वांग्यात सुकट घालू का शेंगदाणं? बोल की!" त्या माउलीला उत्तर द्यायला हा मनुष्य उसंतच देत नाही, असे मी ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारीत स्पष्ट नमूद केले. नगरपरिषदेने, प्रथेप्रमाणे, दखल घेतली नाही. अखेर एका सकाळी मी नोटीस घेऊन स्वतःच गेलो.

खाटेवर वहिनी होत्या. उजवा हात निर्जीव, तोंड किंचित वाकडे. अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेलेली.

"डॉक्टर बोलला, कानावर बोलनं पडत ऱ्हायला पायजे," ठोंबरे कुजबुजले. त्यांचा गळा पार बसला होता. "आज माजाच आवाज गेला. तुमी बोला."

"मी? काय बोलू?"

"भांडा. तुमाला येतंय चांगलं."

मी बसलो. पाणीपुरवठ्यापासून आरंभ करून, नगरपरिषदेचा निष्काळजीपणा मी त्या बाईंसमोर सविस्तर मांडला. त्या माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. गटारांपर्यंत आलो तेव्हा त्यांचे ओठ थरथरले. मी थांबलो. शब्द आला नाही.

"थांबू नका," ठोंबऱ्यांनी माझा दंड घट्ट धरला. "लई भांडायची हो ही. दिसभर. मीच वैतागून भट्टीवर डबल पाळी मागायचो."

मी पुन्हा पाण्यापासून सुरुवात केली.