रामटेके काकांच्या गाडीचं परमिट

आमचे शेजारी रामटेके काका स्वतःच्या गाडीचा एक नट जरी ढिला करायचा असला, तरी आधी बायकोची लेखी परवानगी काढत. लेखी म्हणजे लेखीच. सकाळी आंघोळ आटोपली की जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूचा चतकोर कागद घ्यायचे. त्यावर तारीख, कामाचं नाव, 'काम करणार : रामटेके', आणि खाली सहीसाठी रेघ. तो कागद घेऊन काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. शांताकाकू पोळी तव्यावर टाकत, पिठाचा हात पदराला पुसत आणि सही करत. न वाचता केलेली सही काकांना चालत नसे. "वाचून कर वं. उद्या काही झालं तं जबाबदारी कोनाची?"

हे वेड नव्हतं, निदान काकांच्या मते नव्हतं. नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्रात त्यांनी फिटर म्हणून अख्खी नोकरी काढली. तिथला नियम असा, की कुठल्याही मशीनला हात लावायचा तर शिफ्ट इंचार्जकडून परमिट घ्यायचं. परमिट निघालं की मशीनवर लाल पाटी लटकते. काम संपलं की इंचार्ज तीन प्रश्न विचारतो, परमिट रद्द करतो, पाटी उतरते आणि मगच मशीन चालू होतं. तोवर खुद्द मोठ्या साहेबानं सांगितलं तरी बटण दाबायचं नाही.

"काहून, माहीत आहे का मास्तर?" काका मला विचारत. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून मी मास्तर. "काहून की आत मानूस असू शकते. बटन दाबनाऱ्याले थो दिसत नाई. कागदाले दिसते."

रिटायर झाल्यावर काकांना बटणं दाबायला मशीन उरलं नाही, तेव्हा त्यांनी मशीन विकत आणलं. मोठ्या साहेबाची पांढरी अँबेसेडर लिलावात निघाली होती. पांढरी हे आपलं कागदावर. दोन पावसाळे झाडाखाली उभी राहून तिचा रंग ओळखू येत नव्हता, आणि डिकीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. काकांनी पिल्लं बाहेर पडेपर्यंत गाडी तिथून हलवली नाही. रोज सायकलवर जाऊन कोंबडीला दाणे घालून येत. आम्ही हसलो. काका म्हणाले, "आत जीव आहे गा. असा कसा आनू?"

मग त्या गाडीची दुरुस्ती सुरू झाली, आणि दुरुस्ती करता करता सुधारणाही. घरखर्च भागून पेन्शनीतलं जे उरेल तेवढंच गाडीला, हे काकूंनी पहिल्याच परमिटवर लिहून टाकलं होतं. काकांना त्याचं दुःख नव्हतं. "पैशानं तं कोनीही करते गा!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणी नव्या कोऱ्या गाडीचे पेढे द्यायला आला, तरी पेढा तोंडात टाकून काका हेच म्हणत. दारांच्या आतल्या बाजूचं कापड सीताबर्डीच्या फुटपाथवरचं, पडद्यांचे उरलेले तुकडे. चार दारांना चार रंग. सीटबेल्ट मोडीत निघालेल्या जीपचे. हेडलाइट जुन्याच वाट्यांत बसवलेले एलईडी, जरीपटका भागातल्या बाजारातून तीन फेऱ्या मारून आणलेले. साहेब ज्या खोबणीत सिगारेट विझवत, तिथं आता काकूंचा मोबाइल चार्ज होई.

पण काकांची खरी करामत म्हणजे कूलर. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत बसणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. एसी बसवायचा अर्ज काकूंनी खोडून परत पाठवला, तेव्हा काकांनी पुढच्या सीटच्या पाठीमागे वाळ्याची ताटी, लहानसा पंप आणि पंखा असा कूलरच बसवला. वेग कमीजास्त करायला काकूंच्या जुन्या मिक्सरचं बटण. पाहुणा बसला की काका मागे वळून विचारत, "चटनीवर ठेवू का हळदीवर?" चटणी म्हणजे हळू, हळद म्हणजे जोरात. गार हवा खरंच छान लागे. फक्त क्लच सुटून गाडीला हिसका बसला, की टाकीतलं पाणी मागच्या माणसाच्या मांडीवर येई. मागचा माणूस बहुधा मीच असे.

काकू या कारभारात नुसत्या सहीच्या धनी नव्हत्या. पद त्यांच्या चांगलंच अंगात भिनलं होतं. "आज परमिट भेटनार नाई. पहिले दळन आना." काका निमूटपणे डबा घेऊन गिरणीवर जात. संध्याकाळी काम संपलं की काकू अंगणात येत, कमरेवर हात ठेवत आणि ते तीन प्रश्न विचारत.

"अवजारं बाहेर?"

"बाहेर."

"चिंध्या बाहेर?"

"बाहेर."

"मानसं बाहेर?"

"एकच तं होता. थो हा काय तुह्यासमोर उभा आहे."

"विचारलं तेवढं सांगा."

"बाहेर."

मग सही, आणि स्टिअरिंगवरची लाल पाटी खाली.

एकदा काकू परमिट रद्द करायला विसरून दोन दिवस भंडाऱ्याला बहिणीकडे गेल्या. त्याच दिवशी काकांचे व्याही स्टेशनवर उतरायचे होते. गाडी ठणठणीत, पेट्रोल भरलेलं, धुऊनपुसून तयार. काका ऑटोनं गेले. व्याह्यांनी अंगणातली चकचकीत गाडी पाहिली आणि त्यांचं तोंड जे वाकडं झालं ते जेवणापर्यंत सरळ झालं नाही. मी म्हटलं, "काका, फोनवर विचारून घ्यायचं ना काकूंना." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात दोन आणि दोन पाच सांगितले होते. "फोनवर सही होते का?" दोन दिवसांनी काकू आल्या, आणि हातातली पिशवी खाली न ठेवता फाटकातूनच ओरडल्या, "अवजारं बाहेर?"

या गाडीमागे काकूंची एक जुनी हौस होती. नोकरीच्या काळात कॉलनीतून सीताबर्डीला स्टाफ बस जाई, आणि काकूंना त्या बसमध्ये जागा म्हणून कधी मिळाली नाही. "मले एकदा समोरच्या सीटवर बसून बर्डीले जायचं आहे. काही घ्यायचं नाई. नुसतं उतरायचं." काकांनी ती हौस पुरवली. चौकात गाडी थांबवून, साहेबाच्या ड्रायव्हरसारखा गाडीला वळसा घालून, त्यांनी डावीकडचं दार उघडून धरलं. काकूंचे गुडघे दुखायचे. आधी एक पाय, मग दाराला धरून दुसरा, मग पदर सारखा करून त्या उभ्या राहिल्या. मागचे ऑटोवाले हॉर्न वाजवून थकले, पण काका जागचे हलले नाहीत. काकूंनी चारी बाजूंना पाहिलं, "झालं," म्हणाल्या आणि परत बसल्या. त्यानंतर मात्र गाडी सुरू होईना. सात-आठ जणांनी ढकलत ती कडेला नेली, आणि काकू आत बसून त्यांना हात हलवत राहिल्या.

त्याच संध्याकाळी काकांनी ठरवलं, इंजिन पूर्ण उघडायचं. दुसऱ्या दिवशी परमिट निघालं : 'इंजिन उघडणे व बसविणे'. काकूंनी वाचून सही केली.

आठ दिवसांनी काकूंना ताप आला. दवाखान्यात नेलं, आणि त्या परत आल्या नाहीत. त्या दिवसांबद्दल मला जास्त लिहवत नाही.

काकांचे हात मात्र थांबले नाहीत. तीन महिन्यांत इंजिन बसलं. मग त्यांनी रंग काढला, बंपर घासले, मागे कॅमेरा बसवला, सीटना नवे अभ्रे शिवून आणले. वर्षभरात गाडी अशी झाली, की रस्त्यानं जाणारे थांबून पाहत. फक्त ती चालू होत नव्हती. "कधी काढता काका बाहेर?" म्हटलं, की उत्तर एकच, "थोडं काम बाकी आहे गा." स्टिअरिंगवर लाल पाटी तशीच. मला वाटे, इंजिन जमलं नसेल, म्हातारा कबूल करत नसेल. माझी अक्कल तेवढीच.

मग पासिंगची तारीख आली. इतक्या जुन्या गाडीचे कागद पुन्हा करायचे, तर ती आरटीओत नेऊन दाखवावी लागते. तारीख मंगळवारची होती. ती गेली की कागदांची मुदत संपणार, आणि मग गाडी भंगारात. भंगारवाला आमच्या गल्लीतून दोनदा उगाच चक्कर मारून गेला. रविवारी सकाळी मी काकांना म्हटलं, "चालू होत नसेल तर दुसऱ्या गाडीला टोचन लावून ओढत नेऊ."

"चालू होते," काका म्हणाले. "हातानं फिरवून पाह्यलं ना मी. एकदम मक्खन आहे."

"मग?"

त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला चतकोर कागद काढला. खाली काकूंची सही होती. रद्द केल्याची जागा कोरी.

"हे परमिट उघडं आहे अजून, मास्तर."

 मी विचारलं, "तुमच्याकडे काम चालू असताना शिफ्ट बदलली, तर काय करायचे?"

"ज्यानं चार्ज घेतला, थो सही करते. पन चार्ज देल्ला पाहिजे ना कोनाले. तिनं देल्लाच नाई."

घरी येऊन मी हे मीनाला सांगितलं. मीना माझी बायको, एका पतसंस्थेत कारकून आहे. ती लसूण सोलत होती. हातातली पाकळी तशीच धरून म्हणाली, "दिला आहे. मला."

दवाखान्यात काकूंनी तिला जवळ बसवून सांगितलं होतं : यांले रोज सकाळी आवाज देत जा. जेवले का, विचारजो. अन् उन्हाचं गाडीखाली झोपू देऊ नोको. आणि मीना वर्षभर रोज भिंतीवरून हाक मारत होती, हे मी माझ्या कानांनी ऐकत होतो. "हा चार्ज नाही तर काय आहे?" ती म्हणाली.

सोमवारी ऑफिसला निघताना ती काकांच्या अंगणात गेली. काकांनी आधी तिची तपासणी घेतली. चार्ज देताना काय काय सांगितलं, विचारलं. मीनानं एकेक सांगितलं. गाडीखाली झोपण्याचं ऐकलं आणि काका पाठ फिरवून बॉनेट पुसायला लागले. ते आधीच आरशासारखं होतं.

मग त्यांनी कागद पुढे केला. मीनानं तो वाचला आणि कमरेवर हात ठेवला.

"अवजारं बाहेर?"

"बाहेर."

"चिंध्या बाहेर?"

"बाहेर."

"माणसं बाहेर?"

काकांनी गाडीला वळसा घातला, डावीकडचं पुढचं दार उघडलं आणि धरून उभे राहिले. गुडघे दुखणाऱ्या बाईला उतरायला, पदर सारखा करायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ. मग दार हलकेच लावलं.

"बाहेर," ते म्हणाले.

मीनानं 'शिफ्ट इंचार्ज करिता' असं लिहून खाली सही केली. ऑफिसात ती साहेबांसाठी रोज अशीच सही करते, पण इतका वेळ तिला कधी लागला नव्हता. काकांनी पाटी उतरवली, किल्ली फिरवली. तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली आणि अख्खी गल्ली बाहेर आली.

"चाल, तुले बर्डीले ऑफिसात सोडतो. उद्याच्या पासिंगची ट्रायलही होते," काका मीनाला म्हणाले. ती मागचं दार उघडू लागली, तसे काका ओरडले, "समोर बस वं पोरी! शिफ्ट इंचार्ज मागं नाई बसत."

मागे मी बसलो. काकांनी कूलर हळदीवर ठेवला, क्लच सोडला, आणि टाकीतलं सगळं पाणी माझ्या मांडीवर आलं.