उलट बाजूची ट्रान्सफर केस

नंबरकाकांची जुनी पिकअप चढावर बंद पडली आणि कुणाच्या तरी ट्रॅक्टरमागे दोराने बांधून घरी आली, तेव्हाच काकूंनी निकाल देऊन टाकला. "विका ती."

"अगं, फक्त ट्रान्सफर केस गेलीय."

"गेलीय ना? मग गाडीलाही जाऊ द्या तिच्यामागे."

ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चारही चाकांना वाटून देणारा लोखंडी डबा. तो नाही तर डोंगरावरची वस्ती बंद. आणि काकांचा रविवार म्हणजे ती वस्ती. आठवडाभर ते बाजारातल्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढत, म्हणून तर सगळे त्यांना नंबरकाका म्हणत. रविवारी मात्र पिकअपमध्ये पेटी टाकून वर जात आणि ज्यांना खाली उतरवत नाही अशा म्हाताऱ्यांना चष्मे देऊन येत. आताही एका आजीचा चष्मा तयार होऊन दुकानात पडला होता. काका वाद घालत बसले नाहीत, नुसते गाडीकडे बघत राहिले. ते पाहून काकूच पाघळल्या.

"एक संधी," त्या म्हणाल्या. "मागे सायलेन्सर आणलात, तो ट्रकचा निघाला. आता चुकीची वस्तू मागवलीत तर गाडी विकायची. कबूल?"

"कबूल."

मिस्त्री घरी आला. म्हणाला, "दोन प्रकारच्या मिळतील. गिअरची दणकट, पण आवाज करते. चेनची गुपचूप चालते, पण चेन ढिली पडली की कटकट. कुठली घ्यायची?"

इथे काका अडकले. जन्मभर त्यांनी गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलून विचारलं होतं, "ही बरी की ही?" आणि कुणी घुटमळलं की मनातल्या मनात हसले होते. आता पाळी स्वतःवर आली.

"पुन्हा सांग. पहिली कुठली?"

"गिअरची."

"आणि दुसरी?"

"चेनची."

"परत एकदा पहिली?"

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "काका, डोळे मिटा आणि एक काय ते बोला."

"गिअरची," काका डोळे मिटून म्हणाले. "करू दे आवाज. वस्तीवर आपण आलो हे कळेल तरी."

"आता बाजू. पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा गाडीच्या डाव्या अंगाने गेलाय की उजव्या, ते बघावं लागेल. उलट बाजूची आली तर बसणार नाही. उद्या येऊन बघतो."

पण उद्यापर्यंत काकांना धीर कुठला? मिस्त्रीची पाठ वळते न वळते तोच ते पुढून गाडीखाली शिरले. बंपरखालून नुसते त्यांचे पाय दिसत होते. काकू समोर उभ्या होत्या.

"उजवा!" गाडीखालून आवाज आला.

"नीट बघा हं."

"अगं, बघण्याचाच धंदा आहे माझा!"

काकूंनी आत जाऊन परगावच्या जुन्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला फोन केला. काका मिस्त्रीला 'आता खोकं आल्यावरच ये' असं कळवून, कपडे झटकत, शीळ घालत अंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाचा डोळा तपासता तपासता काकांना दरदरून घाम फुटला. समोर बसलेल्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो, त्यामुळे या धंद्यात त्यांना सगळंच उलटं करून बोलायची सवय जडली होती. पण गाडीखाली समोर कोण बसलं होतं? पुढून शिरून उताणं पडलं की आपली डावी बाजू तीच गाडीची डावी. दांडा त्यांच्या डाव्या हाताला होता आणि ते सवयीने 'उजवा' म्हणून मोकळे झाले होते.

"डोळा असाच ठेवा, आलोच," असं गिऱ्हाइकाला सांगून ते पडद्यामागे गेले आणि त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला.

"काल आमच्या घरून ट्रान्सफर केस सांगितली ना? ती नको. तिच्या उलट बाजूची पाठवा."

"नक्की?"

"अगदी नक्की. आणि हे घरी बोलू नका." झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत काका परत डोळ्याकडे वळले.

खोकं आलं. मिस्त्रीने ते उघडलं, गाडीखाली वाकून पाहिलं आणि डोकं खाजवलं. "काका, ही उजवीची आहे. गाडी डावीची."

"शक्यच नाही!" काका आणि काकू एकदम म्हणाले आणि एकमेकांकडे बघू लागले.

"मी डावीचीच सांगितली होती," काकू म्हणाल्या.

"डावीची? पण मी तर उजवा म्हणालो होतो!"

"म्हणून तर! टॉवेल डाव्या खुंटीवर आहे म्हणालात की मी उजव्या खुंटीवर बघते, तेव्हा कुठे सापडतो. म्हटलं, तोंडावर कशाला बोलून दाखवायचं? गुपचूप बदलून सांगितलं."

काका मटकन खोक्यावरच बसले. "मीही गुपचूपच बदललं गं," ते म्हणाले, आणि पडद्यामागच्या फोनची हकीकत त्यांनी सांगून टाकली. मिस्त्री पलीकडे जाऊन उगाच टायर तपासू लागला.

काकांनी उठून पिकअपच्या दारावर हात ठेवला. त्यांना फार वाईट वाटत होतं.

"अट म्हणजे अट," ते म्हणाले. "विकू या. पण एक सांग, तुला गाडी नकोच होती, तर माझी चूक तशीच जाऊ द्यायचीस. आपसूक गेली असती."

"गेली असती. आणि दर रविवारी तुम्ही घरात तोंड पाडून बसला असता. ते बघवलं असतं मला?"

एवढं म्हणून काकूंनी व्यापाऱ्याला फोन लावला.

"हो, मीच बोलतेय. आधी सांगितलेलीच पाठवा, डावीची. ही परत घ्या. आणि हे बघा, आता आमच्या घरून कुणाचाही फोन आला तरी उचलू नका. माझा आला तरी!"