एक टांगा, एक लाभार्थी

“येत्या तीन महिन्यांत या राज्याचा कारभार सुतासारखा सरळ केला नाही, तर नाव बदलीन!”

भैयासाहेबांनी धारच्या आपल्या घराच्या बैठकीत उभं राहून हे जाहीर केलं. ऐकायला पत्नी उमाबाई, कन्या ईशानी आणि गॅसची टाकी लावायला आलेला माणूस एवढीच प्रजा हजर होती. टाळी फक्त टाकीवाल्याने वाजवली. त्याला पुढच्या घरी जायची घाई होती.

तसं निमित्तही मोठं होतं. पक्षाच्या सभांना बावीस वर्षं सतरंज्या अंथरल्या आणि बावीस वर्षं त्याच उचलल्या, तेव्हा कुठे भोपाळहून नेमणुकीचं पत्र आलं होतं. ‘राज्य निष्क्रिय मंडळ शोध आयोगा’चे अध्यक्ष! राज्यमंत्र्याचा दर्जा!

“म्हणजे करायचं काय?” उमाबाईंनी विचारलं.

“राज्यात जी मंडळं, आयोग, प्राधिकरणं नुसती बसून आहेत, ती शोधायची आणि बंद करायची.”

“आणि तुमचा आयोग आजवर काय करत होता?”

“बसला होता. अध्यक्षच नव्हता ना!”

दुसऱ्या दिवशी गाडीला पाटी लागली. पाटी एवढी मोठी की तिच्याखाली गाडीचा नंबर गडप झाला. भोपाळच्या रस्त्यावर पोलिसांनी दोनदा गाडी अडवली आणि दोन्ही वेळा पाटी वाचता वाचता दमून सोडून दिली.

आयोगाचं कार्यालय एका सरकारी इमारतीच्या जिन्याखाली होतं. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि सचिव उमाशंकर एवढा सरंजाम. उमाशंकर चौदा वर्षं त्या आयोगात एकटे होते. एकटा माणूस जसा स्वतःशी बोलायला लागतो, तसे ते स्वतःशी पत्रव्यवहार करायला लागले होते. आवक आणि जावक, दोन्ही रजिस्टरं काठोकाठ भरलेली!

“सर, अध्यक्ष आ जाए तो हर तिमाही में एक बोर्ड बंद करने की सिफारिश भेजनी पड़ती है.”

“नहीं भेजी तो?”

“तो अपन खुद निष्क्रिय माने जाएँगे, सर. फिर अपने को ढूँढ़ने के लिए दूसरा आयोग बैठेगा.”

भैयासाहेबांनी घाईने यादी ओढली. पहिलं नाव होतं ‘राज्य पाणपोई विकास प्राधिकरण’. उमाशंकर कळवळले, “उसको हाथ मत लगाना सर, ऊपरवालों के साढ़ू हैं!” दुसरं ‘पतंग आणि मांजा सल्लागार परिषद’. “वहाँ भानजे हैं!” पुढच्या एकोणचाळीस नावांत मेहुणे, जावई आणि कुणाचे तरी गुरुजी निघाले. शेवटी उरलं ‘राज्य टांगा कल्याण मंडळ’.

“ये किसके हैं?”

“किसी के नहीं, सर. देवास में एक सचिव है, बस. लावारिस समझिए.”

लावारिस म्हटल्यावर भैयासाहेबांचा हात सैल सुटला. टांगेच उरले नाहीत तर कल्याण कुणाचं? त्यांनी सही ठोकली. सही अशी लफ्फेदार की तिचं शेपूट टेबलाच्या काचेवर उतरलं. चौदा वर्षांतली पहिली शिफारस! उमाशंकरांनी तिची झेरॉक्स काढून फ्रेम करून घेतली.

आता इथे एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. ईशानीचं लग्न देवासच्या तात्यांच्या मुलाशी, मननशी ठरलं होतं. ठरवताना काय चौकशी केली नव्हती! गोत्र झालं, देवक झालं, आजोळ झालं. तात्यांचे पणजोबा संस्थानात फडणवीस होते की नुसते फडावर बसत, यावर दीड तास खल झाला. भैयासाहेबांचे पणजोबा संस्थानच्या पागेचे दारोगा होते, हे त्यांनी तीनदा सांगितलं. पण तात्या स्वतः नेमके कुठे नोकरीला आहेत, हे कुणीच विचारलं नाही. ‘सरकारी मंडळात सचिव’ एवढं कानावर आलं; त्यापुढे खोदून विचारणं म्हणजे घरंदाजपणाला बट्टा. आपल्याकडे माणसाची चौकशी पणजोबापासून सुरू होते आणि त्याच्यापर्यंत येता येता जेवणाची पानं मांडली जातात.

पानं मांडली गेली ती देवासला, तात्यांच्या घरी. मुहूर्त पक्का करायचा होता. माळव्याचे कणकेचे बाफले आणि मराठी श्रीखंड एकाच पानात, म्हणजे थाट काय विचारता! विहीणबाई विनोदिनी आग्रह करकरून वाढत होत्या. भिंतीवर टांग्याचं दाराएवढं मोठं चित्र होतं.

“वा तात्या! घोड्यांचा शौक दिसतो!”

“शौक कसला, नोकरीच ती,” तात्या नम्रपणे म्हणाले.

भैयासाहेब खो खो हसले. व्याही विनोदी मिळाले म्हणून त्यांना भरून आलं. त्या भरात त्यांनी तिसरा बाफला तुपात बुडवला आणि पराक्रम सांगायला घेतला.

“परवा एका मंडळाचा निकाल लावला बरं का! टांगा मंडळ! टांगे संपून जमाना झाला, आणि एक महाभाग आपला सचिव म्हणून खुर्ची उबवतोय. म्हटलं, उडवा! बिनकामाचे बांडगूळ लेकाचे!”

विनोदिनीबाईंचा श्रीखंडाचा डाव हवेतच थांबला. ईशानीने मननकडे पाहिलं. मननने पानाकडे पाहिलं.

“महाभाग कुठल्या गावचा, ते कळलं का?” तात्यांनी विचारलं.

“देवास,” भैयासाहेब म्हणाले.

शब्द तोंडातून निघून स्वतःच्याच कानात शिरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ते हसत होते. मग त्यांना भिंतीवरचा टांगा दिसला. टांग्याखाली लिहिलेलं मंडळाचं नावही दिसलं. घास तोंडात होता, तो ना आत जाईना, ना बाहेर येईना. सरकारी फाइलसारखा तिथेच पडून राहिला.

तात्या ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, “विनोदिनी, अध्यक्षसाहेबांना श्रीखंड वाढ. या घरात वाढण्याचा हा शेवटचाच महिना.”

“तात्या, मला कल्पना नव्हती हो...”

“निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत माझ्या. हे क्वार्टर मंडळाचं. मंडळ गेलं की घर गेलं. नवी सून काय बस स्टँडवर उतरवून घेऊ? मंडळ राहिलं तर सोयरीक राहिली. यापरतं मी बांडगूळ काय बोलणार?”

परतीच्या वाटेवर, इंदूर गेल्यावर, गाडीत ईशानी म्हणाली, “बाबा, राज्यात एवढी मंडळं, तुम्हाला बंद करायला माझंच सासर सापडलं?”

“अगं, होईल सगळं ठीक.”

“मननने मेसेज केलाय. नुसतं ‘नमस्ते’. सहा महिन्यांत पहिल्यांदा ‘नमस्ते’, बाबा!”

भैयासाहेबांनी तिथूनच उमाशंकरांना फोन लावला. शिफारस मागे घ्यायची म्हटल्यावर पलीकडून हुंदका ऐकू आला. “वापस नहीं होती सर! और मैंने तो फ्रेम भी करा ली!”

“कुछ तो रास्ता होगा?”

रस्ता होता. सरकारात एक दार बंद करणारं खातं असलं की ते उघडणारं दुसरं असतंच. ‘राज्य पडताळणी परिषदे’चे दोन अधिकारी गुरुवारी देवासला येणार होते. जागेवर एक चालू टांगा, एक टांगेवाला आणि एक प्रवासी दिसला, की मंडळ सक्रिय!

राहिले चार दिवस. दोघा व्याह्यांनी सगळं देवास पालथं घातलं, टांगा नाही. शेवटी इंदूर रस्त्यावरच्या एका ढाब्यापुढे मिळाला. लोक त्यात बसून फोटो काढायचे. त्याला जुंपलेला घोडा प्लास्टरचा होता आणि त्याचा एक कान कुणीतरी आठवण म्हणून नेला होता. म्हणजे टांगा झाला, घोडा राहिला. तेव्हा वरातीला घोडी देणाऱ्या धीरजला गाठलं.

“घोड़ी मिल जाएगी भिया,” धीरज म्हणाला, “पर एक बात है. बिना बैंड के चलती नी है.”

“चालेल,” भैयासाहेब म्हणाले. बुडत्याला असल्या अटी दिसत नाहीत.

गुरुवारी सकाळी देवासच्या देवीच्या टेकरीखाली टांगा उभा राहिला. घोडीला मोत्यांची झालर, डोक्यावर तुरा. मागे प्रवासी म्हणून उमाबाई, पैठणी नेसून. “नेसले तर काय झालं? घोडीनेसुद्धा नट्टापट्टा केलाय!” टांगेवाला म्हणून धीरज लगाम धरून होता. तेवढ्यात सरकारी जीप वळणावर दिसली आणि धीरज टुणकन खाली उतरला.

“भिया, हूँ तो चल्यो! घोड़ी को कागज नी है!”

आणि चल्यो तो चल्योच! तात्या सचिव, त्यांना लगाम धरता येईना. मनन ऑफिसात. जीप थांबत होती. पागेच्या दारोग्याचं रक्त एकदम उसळलं आणि भैयासाहेब स्वतः टांग्यावर चढले. तिसऱ्या प्रयत्नात.

“नाम?” अधिकाऱ्याने विचारलं. भैयासाहेबांनी सांगितलं.

“काम?”

भैयासाहेबांनी ‘अध्यक्ष’ म्हणायला तोंड उघडलं. मागून उमाबाई खणखणीत म्हणाल्या, “टाँगा चलाते हैं!”

फोटो निघाला. हातात लगाम, सही कशी करणार? अंगठा घेतला. ‘लाभार्थी क्रमांक एक.’

“अब चलाके दिखाओ.”

घोडी हलेना. तात्यांनी चुचकारलं, भैयासाहेबांनी टाचा आपटल्या. घोडी बँडची वाट बघत उभी! शेवटी उमाबाईंनी मंगलाष्टक धरलं. घोडीने एक कान वळवला आणि पुन्हा सरळ केला. पहिल्या ‘सावधान’ला ती जांभई देत होती. एवढ्यात समोरच्या मैदानात ढोल, ताशा आणि बँड एकदम कडाडले.

तिथे ‘राज्य सामूहिक विवाह प्राधिकरणा’चा मांडव होता. लक्ष्य एक्कावन्न जोडप्यांचं. आली होती पन्नास. आणि समोरून, चौखूर उधळत, सजलेली घोडी आली! पुढे डोळे मिटून लगामाला लोंबकळणारा पुरुष, मागे पैठणीतली बाई!

“कहाँ रह गए थे?” रजिस्टरवाला आनंदाने ओरडला. “इक्यावनवाँ जोड़ा आ गया!”

“अहो, आमचं झालंय! एकदा केलं तेच पुरे झालंय!” उमाबाई ओरडल्या.

“माताजी, लक्ष्य पूरा होने दो. उमर?”

“अट्ठावन,” भैयासाहेब कण्हले.

“अट्ठाईस लिखता हूँ.”

दोन हार पडले, अक्षता पडल्या, हातात प्रमाणपत्र आणि प्रेशर कुकर आला. मागून धापा टाकत आलेल्या पडताळणी अधिकाऱ्यांनी आपल्या फॉर्मवर गंभीरपणे लिहिलं, ‘टांगा चालू. प्रवासी वेळेत पोचले.’

आठवड्यात निकाल आला. टांगा मंडळ सक्रिय! तात्यांनी पेढे पाठवले. मननने ईशानीला एकाच दिवसात अडतीस मेसेज पाठवले, त्यात एकही ‘नमस्ते’ नव्हता.

पेढा तोंडात असतानाच दुसरं पत्र आलं. राज्यमंत्र्याच्या दर्जाची व्यक्ती टांगेवाला लाभार्थी असू शकत नाही. दोन्हींपैकी एक सोडावं. अध्यक्षपद ठेवलं तर लाभार्थी जातो, लाभार्थी गेला की मंडळ जातं, मंडळ गेलं की क्वार्टर जातं, आणि क्वार्टर गेलं की... पुढचं वाचायला पत्राची गरज नव्हती.

दोन दिवस भैयासाहेब बैठकीत पत्र घेऊन बसून होते. चहा यायचा, गार व्हायचा, परत जायचा. बावीस वर्षांच्या सतरंज्या डोळ्यांपुढून एकेक करून गेल्या. बाहेर गाडीवरच्या पाटीवर एक कबुतर बसलं होतं, तेवढाच काय तो तिला मान.

तिसऱ्या दिवशी ईशानी शेजारी येऊन बसली. “बाबा, राहू द्या. मी सांगते मननला.”

एवढंच म्हणाली आणि टेबलावरचा गार चहा उचलून निघाली.

भैयासाहेबांनी राजीनाम्यावर सही केली. या वेळी लफ्फा निघाला नाही.

लग्न वैशाखात थाटात झालं. मंडळ सक्रिय राहावं म्हणून तात्या निवृत्त होईपर्यंत, तीन वर्षं, दर गुरुवारी देवासला जाऊन टांगा हाकायचा, हेही ठरलं. लग्नानंतर आठ दिवसांनी भैयासाहेब टांगा लावून तात्यांच्या दारात आले, तर तात्यांनी हातात पाकीट ठेवलं. आहेर राहिला असेल म्हणून भैयासाहेबांनी घाईने फोडलं. कारणे दाखवा नोटीस होती! ‘गेल्या गुरुवारी आपण विनापरवानगी कामावर गैरहजर होता. आपली नोंदणी का रद्द करू नये?’

“अहो तात्या, गेल्या गुरुवारी लग्न नव्हतं का!”

“मला सांगता? अंतरपाट मीच धरला होता,” तात्या चष्मा पुसत म्हणाले. “पण रजेचा अर्ज कुठाय?”

भैयासाहेब मुकाट्याने पायरीवर टेकले. कागद मागितला. रजेचं कारण या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘कन्यादान’.

तात्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि खाली लाल शाईने शेरा मारला, ‘पुरावा जोडावा.’

पुरावा आतून चहा घेऊन आला.