मडकीवाले कासमभाई

कासमभाई कुठल्याही नव्या खोलीत शिरले की मधोमध उभे राहत, एक टाळी वाजवत आणि छताकडे कान लावून थांबत. मग निकाल देत, "मेलेली हाय खोली." इथे आखातात, फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या नव्या फ्लॅटचं स्वागत त्यांनी असंच केलं. बायको पेढ्यांची ताटली धरून तशीच उभी राहिली.

अल रय्यानला आमच्या कंपनीच्या नव्या ऑफिसच्या उद्घाटनालाही ते होते. संगमरवर, सोनेरी छत, छोट्या होडीएवढं झुंबर. मालकांनी फीत कापली. सगळे अदबीने गप्प. आणि त्या शांततेत एक टाळी! लोकांना वाटलं, कौतुक चाललंय. मग सगळेच टाळ्या पिटू लागले. मालक सुखावले, कासमभाई वैतागले. "या गोंगाटात काय ऐकू येणार, कपाळ? आणि मडकी कुठायत?"

मडकी हा या माणसाचा ध्यास. इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीच्या घुमटात म्हणे मातीची मडकी तोंडं आत करून चिणलेली आहेत. त्यामुळे पुढे उच्चारलेला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. कासमभाई कंपनीत नकाशांच्या गुंडाळ्या सांभाळत. इस्तंबूल त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलं होतं. तरी दिव्यांची काजळी हवेच्या झोताने दारावरच्या खोलीत कशी जमे आणि तिची शाई कशी होई, कोळ्यांनी जाळी करू नयेत म्हणून शहामृगाची अंडी कशी टांगली, हे ते असं सांगत, जणू शिडी यांनीच धरली होती.

"मिनार चारच का?" मी एकदा विचारलं.

"बांधणारा सुलतान इस्तंबूलच्या गादीवरचा चौथा, म्हणून चार, असं म्हणतात. मिनार बादशाच्या मिजाशीचे, भाऊ. मडकी लोकांसाठी."

बादशहांबद्दल माझंही मत फारसं बरं नव्हतं. म्हणून आमचं जमलं.

पुढे रत्नागिरीकडच्या त्यांच्या गावची मशीद नव्याने बांधायची ठरली. अशा गावांचे निर्णय गावात होत नाहीत, आखातात होतात. नजमा भागातल्या एका बॅचलर खोलीत, शुक्रवारी जेवणानंतर, खाटांवर बसून. कासमभाईंनी मला सोबत नेलं. टॅक्सीत माझ्या मांडीवर मडकं होतं.

कमिटीचा म्होरक्या रशीद, दुकानदार. तो म्हणाला, "चाचा, मार्बल लावू, झुंबर लावू. पण मडक्यात पाली रातील!"

"सुलेमानियात रायल्या नायत."

"तुम्ही बघून आलात?"

खोली खदखदून हसली. रशीद मग जरा हळू बोलला, "आतमध्येपण माईक घेऊ या. बांगी आता म्हातारे झाले. नमाजातली त्यांची 'अल्लाहू अकबर'ची तकबीर पहिल्या रांगेतच संपते. नवीन पोरगा ठेवू."

बांग देणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव निघताच कासमभाईंनी माझ्या मांडीवरचं मडकं स्वतःकडे घेतलं. "बाहेरची बांग भोंग्याने नेली," ते म्हणाले, "आतली तकबीर तरी ठेवा. मडकी चिणू द्या. शेवटच्या रांगेत ऐकू नाय आलं, तर लाव तुझा माईक."

"यल्ला चाचा, चिणा," रशीद कंटाळून म्हणाला.

कासमभाई रजा घेऊन गावी गेले. काही महिन्यांनी एका सकाळी रशीद पांढराफटक चेहरा घेऊन माझ्या ऑफिसात आला. हातात मोबाइल, फोन चालूच. "गावावरनं फोन हाय. नव्या मशिदीत हुक्का ओढतायत!"

मी हादरलो. शिशाचं, म्हणजे हुक्क्याचं, कॅफे दिसलं की कासमभाई रस्ता ओलांडत. मग मला ती गोष्ट आठवली. चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ती मला पाजली गेली होती. सुलेमानियाचा मिस्त्री घुमटाखाली हुक्का घेऊन बसला, चहाड्या गेल्या, सुलतान संतापून धावत आला. पाहतो तर तंबाखू नाहीच. मिस्त्री नुसतं पाणी गुडगुडवून आवाज कुठवर जातो ते ऐकत होता.

"तंबाखू नसणार," मी रशीदला म्हटलं. "कासमभाई घुमट तपासतायत."

"अहो, कासमचाचा नाय ओढत! ते शेवटच्या रांगेमागं चपलांच्या कोपऱ्यात उभे हायत, फोनवर तेच हायत, तुम्हालापण ऐकवा म्हणाले. ओढतायत त्यांचे बावा. आमचे बांगी!"

इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मला हे ठाऊक नव्हतं. मी फोन घेतला. "कासमभाई, वडिलांना कशाला हुक्क्याला बसवलंत?"

"आवाज त्यांचाच जायचा हाय ना, भाऊ? गुडगुड तर आली इथवर. आता गप ऱ्हावा." मग त्यांनी लांब हाक मारली, "बावा, बोला!"

थोडा वेळ नुसती खरखर. मग एक आवाज आला. सुतासारखा बारीक, कापरा, पण अख्खा.

रशीद त्या बांगींच्याच हाताखाली कुराण शिकला होता. माझ्या टेबलासमोर, एसीच्या घरघरीत, तो खुर्चीवरून उठला आणि पायातले बूट काढून उभा राहिला.

तकबीर संपली. मग तिकडे कासमभाईंनी एकच टाळी वाजवली.