दोनशे घन सेंटीमीटरचे विस्थापन

मुळशी तालुक्यातील माले गावाच्या वरच्या अंगास एकतीस उंबऱ्यांची एक वाडी असून, तीस जोडणाऱ्या वाटेवर 'रेड्याचा चढ' या नावाने प्रसिद्ध असा एक चढ आहे. या चढाचा महिमा असा की, वाहनातून निघालेला मनुष्य तेथे पायी होतो. वाडीत वाहन एकच, आणि ते म्हणजे तानाजीची जीप. सपाटीवर तिची ऐट पाहण्यासारखी असे. परंतु चढ दृष्टीस पडताच तिला धाप लागे. मग तानाजी मागे वळून विनयाने म्हणे, "उतरा, मंडळी." मंडळी उतरत, आणि परंपरेस अनुसरून जीप ढकलू लागत.

"तान्या," त्याची चुलती साळूबाई एकदा ढकलता ढकलता म्हणाली, "तू आमाला वाडीला नेतुयास, का आमी तुझ्या जीपीला?"

"नानी, बोलण्यात दम घालवू नगंस. खांदा लाव."

वाडीचे दूध, वाडीची बाळंतपणे, वाडीचा ताप आणि वाडीची पोरे, सर्व काही या एका जीपवर अवलंबून होते. आषाढात तापाने फणफणलेल्या साळूबाईस तानाजीने उतारावरून दवाखान्यात सुखरूप नेले. मात्र परतताना, ती नुकतीच बरी झाली असल्यामुळे तिलाही ढकलावे लागले. त्या दिवशी तानाजीच्या मनास फार लागले. जीप चढली पाहिजे, असा त्याने निश्चय केला.

भुकूमच्या गॅरेजात साहिल नावाचा मिस्त्री होता. त्याने जीपचे बॉनेट उघडून आत कान लावला आणि वैद्याप्रमाणे निदान केले.

"तानाजीभाऊ, इंजिन छोटं पडतंय. सीसी वाढवू. चारी सिलिंडर लेथवर आतून घासून मोठे करायचे, जुने पिस्टन काढायचे, मोठे टाकायचे. दोनशे सीसी वाढली ना, तुमचा तो रेडा का म्हैस जो काय असेल तो, जीप एका दमात चढणार."

"किती दिस लागत्याल?"

"चार. आजच ठेवून जा."

येथवर या कथेत काहीही अनुचित घडले नव्हते. अनुचित घडले ते पुढच्या क्षणी, आणि त्याचे मूळ तानाजीच्या प्रामाणिकपणात होते.

"इंजिनात बदल करायचा तर कायद्यानं परवानगी लागती म्हनत्यात," तो म्हणाला. "ती आदी काढतो. मग जीप आनतो."

साहिलने हातातील पाना खाली ठेवला. "भाऊ, अकरा वर्षं हे काम करतोय. परवानगी मागणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघितलं. एक फोटो काढू का तुमचा?"

वाहनविषयक कार्यालयात हेमलताबाई नावाच्या लिपिक होत्या. त्यांनी तानाजीचा अर्ज दोन बोटांत धरून वाचला आणि परत केला.

"हे 'सीसी वाढवणे' काय आहे? अर्ज राजभाषेत हवा. शुद्ध मराठी शब्द घालून आणा."

"बाई, समदे सीसीच म्हनत्यात."

"सगळे म्हणतात ते बोलायचं. लिहायचं ते वेगळं असतं."

शुद्ध शब्दासाठी तालुक्यात एकच पाणवठा होता. माले गावी बंडोपंत राहत. चाळीस वर्षे संस्कृत शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याची व्युत्पत्ती सांगत. तानाजीने त्यांना सर्व हकिकत निवेदन केली. पंतांनी डोळे मिटले.

"सीसी हा शब्दच नव्हे, तानाजी. मिरची लागल्यावर मुखातून निघणारा तो उद्गार आहे. मला सांग, पिस्टन नेमके करतो काय?"

"नळकांड्यात वर-खाली हुतो, पंत. आत जी हवा आसती तिला हुसकून लावतो आन तिची जागा घेतो."

"म्हणजे जो स्वस्थानी आहे त्यास तेथून हलवणे!" पंतांचे डोळे प्रसन्नतेने उघडले. "स्था म्हणजे राहणे. स्थापन म्हणजे राहविणे. त्यास 'वि' उपसर्ग लागला, की विस्थापन! किती नेमका शब्द आहे पाहा. आपली भाषा दरिद्री नाही रे. आपण आळशी आहोत."

आणि त्यांनी स्वहस्ते, वळणदार अक्षरात अर्ज लिहून दिला: "माझ्या जीपच्या इंजिनाचे विस्थापन दोनशे घन सेंटीमीटरने वाढविण्यास अनुज्ञा मिळावी, ही नम्र प्रार्थना."

हेमलताबाईंनी या वेळी अर्ज आदराने वाचला. वाचता वाचता त्या गंभीर झाल्या.

"विस्थापन? मुळशी तालुक्यात? हा विषय आमचा नाही हो. विस्थापन आलं की कागद पुनर्वसनाकडे जातो." त्यांनी शिक्का मारला आणि कागद गेला.

पंधरा दिवसांनी तानाजीस पत्र आले. नियोजित विस्थापनाने बाधित होणाऱ्या कुटुंबांची संख्या किती, ती तेथे किती वर्षांपासून राहतात आणि त्यांना कोठे हलविण्याचे योजिले आहे, याचा खुलासा सात दिवसांत करावा, असे त्यात म्हटले होते. तानाजी खुलासा करण्यास स्वतः गेला. पुनर्वसनाचे साहेब सज्जन होते. त्यांनी त्यास खुर्ची दिली.

"बाधित किती?"

"बाधित म्हनजे... सिलिंडर चार हायेत, साहेब."

"प्रत्येकात किती जण?"

"येक येक पिस्टन."

"एकूण चार एकल कुटुंबं," साहेबांनी लिहून घेतले. "वास्तव्य?"

"बत्तीस वर्सं झाली. जीप घेतल्यापासनं आतच हायेत."

"आणि यांना काढून तुम्ही काय करणार?"

"नळकांडी आतनं घासून रुंद करनार, आन त्यांच्या जागी मोठं बसवनार."

साहेबांची लेखणी थांबली. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बत्तीस वर्षांच्या मूळ रहिवाशांना बाहेर काढायचं, त्यांच्या भिंती पाडून जागा वाढवायची आणि तिथं बाहेरून मोठे आणून बसवायचे. तानाजीराव, असले प्रस्ताव माझ्याकडे पुष्कळ येतात. पण इतक्या स्पष्टपणे कुणी लिहून देत नाही."

"साहेब, ते लोखंड हाय!"

"असेल. अर्जात तसं म्हटलेलं नाही. अर्जात विस्थापन म्हटलं आहे."

त्यानंतर सर्व काही नियमानुसार झाले, आणि म्हणूनच त्यास कोणीही थांबवू शकले नाही. प्रथम 'जैसे थे'चा आदेश निघाला; निर्णय होईपर्यंत जीप जागेवरून हलता कामा नये. जीप त्या वेळी रेड्याच्या चढाच्या पायथ्याशी उभी होती, ती तेथेच राहिली. वाडी दूध डोक्यावरून वाहू लागली. मग स्थळपाहणी झाली. दोन कर्मचाऱ्यांनी बॉनेट उघडून फीत धरली आणि चतुःसीमा नोंदविल्या: पूर्वेस रेडिएटर, पश्चिमेस चालक, उत्तरेस हवा गाळण्याचा डबा व दक्षिणेस बॅटरी. खालच्या बाजूस तेलाचा साठा आढळल्याने 'पाणवठा उपलब्ध' असा शेरा पडला. बाधितांस नोटीस बजावण्याकरिता ती बॉनेटच्या आतील बाजूस चिकटविण्यात आली. मुदतीत त्यांची कोणतीही हरकत प्राप्त न झाल्याने, बाधित दडपणाखाली आहेत असा निष्कर्ष निघाला, आणि जनसुनावणी लागली.

सुनावणीस सारी वाडी आली आणि शेवटपर्यंत बसली, कारण पायी यावे लागल्यामुळे तिला आता परत जाण्याचेही त्राण नव्हते. व्यासपीठावर साहेब होते. चारही पिस्टन साहिलकडून काढवून, पुसून, एका पाटावर पांढऱ्या कापडावर मांडले होते. दुरून पाहणाऱ्यास ते शांत, सोशिक आणि थोडे काळवंडलेले दिसत होते.

बंडोपंतांस राहवले नाही. ते काठी टेकीत उभे राहिले.

"महोदय, दोष माझा आहे. तो शब्द यंत्रशास्त्राच्या अर्थाने योजिला होता. येथे लक्ष्यार्थ घ्यावा, वाच्यार्थ नव्हे."

"पंत, आपण मला दहावीला शिकवलंत," साहेब हात जोडून म्हणाले. "अर्थाबद्दल वाद नाही. पण कार्यालयात अर्थ जमा होत नाही, शब्द जमा होतो."

गुरू खाली बसला. विद्या फळास आली होती.

मग साळूबाई उठली. ती पाटाजवळ गेली.

"साहेब, माझ्या आज्याचं गाव ह्या मुळशीच्या धरणाच्या पान्याखाली हाय. तवा तेला कुनी खुर्ची दिली न्हाई, का कापडावर बशिवला न्हाई. तो आपला आपुन वर सरकला. ह्या चौगांना हलीवल्याचा दाखला मिळतुया म्हनं, मिळू द्या बापडं, तेंनी बी लई घासून काडलीया. पर तेंच्या यादीत आमचं बी एक पाचवं नाव घालता यील का?"

साहेबांनी कागद चाळले. "आजी, आपण कुठल्या सिलिंडरमधल्या?"



"शेवटच्या," साळूबाई म्हणाली आणि बसली. तशी नोंद घेण्यात आली. मात्र पुराव्याअभावी ती ग्राह्य धरली गेली नाही.

निकाल दीड महिन्यात लागला. शासकीय कामास विलंब होतो असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. चारही पिस्टनांना विस्थापित असल्याचा दाखला मिळाला. विस्थापितांस मूळ जागी पुन्हा वसविण्याची तरतूद नसल्याने त्यांस कार्यालयाच्या कपाटात तात्पुरते संक्रमण-निवासस्थान देण्यात आले. नवे, मोठे पिस्टन बाहेरचे असल्यामुळे त्यांस मूळ चौघांच्या लेखी संमतीनेच प्रवेश मिळणार होता.

"साहेब, लोखंड सही कशी करनार?" तानाजीने विचारले.

"अंगठाही चालेल," साहेब सहानुभूतीने म्हणाले.

अर्जदारावर अन्याय होऊ नये म्हणून त्याची मूळ मागणीही मान्य झाली. विस्थापन झालेले असल्याने ते वाढले, हे उघडच होते. वाहनाच्या नोंदणीपुस्तकात दोनशे घन सेंटीमीटरची भर पडली, आणि तानाजीची पिस्टनरहित जीप कागदोपत्री तालुक्यातील सर्वांत समर्थ जीप झाली.

या सामर्थ्याचे फळ लवकरच दिसले. जीप बंद पडली म्हणून वाडीने एसटीची मागणी केली. उत्तर आले: "वाडीकडे वाढीव क्षमतेचे वाहन उपलब्ध असल्याचे अभिलेखावरून दिसते. सबब बसफेरीची आवश्यकता नाही."

"मोडून टाक ती जीप," साळूबाई म्हणाली.

"मोडायला बी परवानगी लागती, नानी."

"मग गप बस. आता येक बी अर्ज लिवू नगंस."

पण डोक्यावरचे दूध उन्हात नासू लागले, आणि शाळेच्या पोरींना चढ नकोसा झाला. प्रथम तीन घरे खाली उतरली व भुकूमला भाड्याच्या खोल्यांत गेली. मग सात उतरली. कोणी महाळुंग्याच्या उंच इमारतींत धुण्याभांड्याच्या कामास लागले, कोणी पहाऱ्यावर. साळूबाई सर्वांत शेवटी उतरली, आणि ती कोणी ढकलल्याशिवाय उतरली नाही, असे तानाजी सांगतो. दीड वर्षात एकतीसही उंबरे ओस पडले. अर्जात केवळ दोनशे घन सेंटीमीटर विस्थापन मागितले असता प्रत्यक्षात इतके साध्य झाले, ही गोष्ट कार्यालयाच्या वार्षिक अहवालात अभिमानाने नमूद होण्यासारखी होती. परंतु त्यासाठी कोणी अर्ज केला नसल्याने ती राहून गेली.

वाडीच्या रिकाम्या माळावरून धरणाचे पाणी फार सुरेख दिसते, हे त्यानंतर काहींच्या ध्यानात आले. मग यंत्रे आली, चढ कापला गेला, सिमेंटचा रुंद रस्ता झाला आणि माळावर आखीव भूखंड पडले. या कामास परवानगी कशी मिळाली, हे विचारण्यास आता तेथे कोणी राहत नव्हते. त्या कामाच्या अर्जात विस्थापन हा शब्द कोठेही नव्हता, एवढे मात्र खरे.

वाचकहो, गेल्या रविवारी आपण सहकुटुंब तेथे जागा पाहण्यास गेला होतात. प्रवेशद्वाराशी निळ्या गणवेशातील एका गृहस्थाने उठून आडवा दांडा वर केला. आपण काच खाली केली नाहीत, म्हणून ते तानाजी होते हे आपणांस कळले नाही. आपली नवी गाडी तिसऱ्या गियरमध्ये, जराही न कुरकुरता वर गेली. माळावर उतरून आपण खालचे निळे पाणी पाहिलेत, बॉनेटवर प्रेमाने थाप मारलीत आणि सोबतच्या मंडळींना म्हणालात,

"इंजिनात दम आहे हं हिच्या! चढ होता, हे कळलंसुद्धा नाही."