टिटवीचा अकरा आकडी क्रमांक

एका जंगलात, मुलांनो, सगळे जण ओरडून बोलायचे. हसू नका. तुमच्याही घरी तेच चालतं.

तिथं नदीकाठच्या वाळूवर भागीबाई नावाची टिटवी राहायची. घरटं कसलं, मूठभर खडे आणि त्यांच्यात चार अंडी. रोज दुपारी गव्यांचा कळप पाण्यावर यायचा. सगळ्यांत पुढं म्होरक्या धोंडाप्पा. भागीबाई ओरडायची, "ए धोंडाप्पा, डावीकडनं!" आणि तो एवढा मोठा गवा मुकाट्यानं डावीकडनं जायचा. इतकं सोपं होतं. पण सगळंच सोपं राहिलं तर कचेऱ्या कशाला काढायच्या?

म्हणून वनराजांनी वॉकीटॉक्या मागवल्या. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. कानात इअरफोन. संपर्क अधिकारी म्हणून साळिंदररावांना नेमलं, कारण त्यांच्या अंगावर लेखण्या पुष्कळ होत्या. साळिंदररावांनी पहिलाच हुकूम काढला: थेट ओरडणं बंद. ज्याला हाक मारायची, त्याचा क्रमांक दाबायचा.

क्रमांक अकरा आकडी. पहिले तीन जंगलाचे, मधले चार कळपाचे, शेवटचे चार ज्याचे त्याचे. आपल्याच कळपात बोलायचं तर शेवटचे चार पुरे. परक्या कळपातल्याला मात्र आधी आपले अकरा, मग त्याचे अकरा.

भागीबाई अर्ज घेऊन गेली.

"कळप कोणता?" साळिंदररावांनी विचारलं.

"मला कसला आलाय कळप, साहेब? मी आणि माझा नवरा."

"रकाना रिकामा चालत नाही, बाई."

"मग चार शून्यं घाला."

"शून्यांचे क्रमांक राखीव आहेत."

"कुणासाठी हो?"

"ते सांगायचा अधिकारही राखीव आहे. कळपाला कमीत कमी सहा सभासद लागतात."

भागीबाईनं विचार केला. मग मान ताठ करून म्हणाली, "लिहा. मी, नवरा आणि चार अंडी. झाले सहा!"

"अंडी बोलणार कशी?"

"तुमच्या दरबारातले निम्मे तरी कुठं बोलतात?"

साळिंदररावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि घाईघाईनं शिक्का मारला. चार अंड्यांना चार क्रमांक मिळाले. चार वॉकीटॉक्याही मिळाल्या. अंड्यांपेक्षा मोठ्या! भागीबाईनं त्या ओळीनं वाळूत मांडल्या. मनातून तिला जरा बरंच वाटलं. आता आपणही कुणीतरी आहोत, असं काहीसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गवे आले. प्रत्येकाच्या कानात इअरफोन. सरळ अंड्यांच्या रोखानं.

भागीबाईनं एक वॉकीटॉकी पुढं ओढली. ती चोचीनं आकडे दाबायला लागली. आपले अकरा झाले. धोंडाप्पाचे सात झाले, आठ झाले. नववा चुकला.

"क्रमांक अवैध आहे," यंत्रातून गोड आवाज आला. "कृपया पहिल्यापासून दाबा."

पहिल्यापासून? अहो, गवा दहा पावलांवर आला होता!

तिनं पुन्हा दाबायला घेतलं. हुकूम पाळणारी बाई हो ती, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाच आकडे झाले आणि शेजारी कच्चकन आवाज झाला. धोंडाप्पाचा खूर एका अंड्यावर पडला होता.

मग मात्र भागीबाईनं यंत्र भिरकावलं. थेट धोंडाप्पाच्या शिंगांमध्ये जाऊन बसली, चोचीनं त्याच्या कानातला इअरफोन उपटला आणि किंचाळली, "थांब मेल्या!"

धोंडाप्पा जागच्या जागी थांबला. मागचा सगळा कळप थांबला. त्यानं हळूच पाय उचलून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"अगं भागे," तो म्हणाला, "नुसती हाक मारायचीस की गं!"

भागीबाई खाली उतरली. फुटलेल्या कवचाशी बसून रडत राहिली. गवे डावीकडनं गेले, पाणी न पिताच.

संध्याकाळी साळिंदरराव चौकशीला आले. त्यांनी पाहणी केली, लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: "नव्या क्रमांक पद्धतीमुळे चारांपैकी तीन अंडी वाचली. यश पंचाहत्तर टक्के. थेट ओरडल्याबद्दल टिटवीला सक्त ताकीद."

मग त्यांनी वाळूतल्या वॉकीटॉक्या गोळा करायला सुरुवात केली.

"हे काय?" भागीबाईनं विचारलं.

"सभासद पाचच उरले ना, बाई. कळप रद्द."

"न्या, सगळं न्या. पण माझ्या चौथ्याचं काय?"

"त्याची काळजी नको," साळिंदरराव अगदी मायेनं म्हणाले. "त्याचा क्रमांक आम्ही दुसऱ्या कुणाला तरी देऊ. वाया नाही जाणार."

तात्पर्य: मुलांनो, अंडी घालताना नेहमी एक जास्तीचं घालावं. म्हणजे एखादं पायाखाली गेलं, तरी कळप रद्द होत नाही.